पाचर आणि पुडी

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादकांनी बजावले होते, 'वैद्यकीय विषय नको; घरातल्या मंडळींनाही वाचता येईल असे काही द्या.' म्हणून मी गेल्या उन्हाळ्यात घरच्या अंगणात केलेल्या एका दुरुस्तीविषयी लिहावयाचे ठरविले. आमच्या जुन्या पिकअपचे पुढचे कमानपाटे मी सुट्टे करून पुन्हा उभे केले, त्याची ही हकिकत. लिहिता लिहिता विषय पुन्हा आपल्या व्यवसायाकडेच वळला, त्याबद्दल संपादकांनी क्षमा करावी.

हा पिकअप माझ्या वडिलांनी खानापूर तालुक्यातील शेतासाठी घेतलेला. घडण जुन्या जीपची. पुढे दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड आक्स आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पोलादी पाट्यांची एकेक कमान. वडील गेल्यानंतर तो विकावा असा घरात सूर होता. मला ते जमले नाही. त्या पावसाळी मुलखातील रस्त्यांनी आणि आमच्या हलगर्जीपणाने त्याची पुढची बाजू पार खिळखिळी झाली होती. खड्डा आला की खालून टणटण आवाज येई, स्टिअरिंग हातात थरथरे, गाडी रिकामी असतानाही डावीकडे झुके आणि पुढच्या टायरांची एक कड लवकर झिजे.

प्रथम मी तेच केले, जे करू नका म्हणून आपण विद्यार्थ्यांना सांगतो. पुढचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर बदलले. आठवडाभर बरे वाटले, नंतर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शॉकॲब्सॉर्बर गाडीचे वजन पेलत नाही. पाट्यांना बसलेला हेलकावा लवकर शमविणे एवढेच त्याचे काम. वजन पेलतात ते पाटे, आणि पाट्यांना जागेवर धरतात ते शॅकल, बुश आणि यू-बोल्ट. रोग तिथे होता आणि औषध मी भलत्याच ठिकाणी दिले होते.

मग रीतसर तपासणी केली. चाक जमिनीवरून उचलून वर आणि खाली हात धरून हलविले, तर खुटखुट जाणवली. मुलाला ब्रेक दाबून धरावयास सांगितला. तरीही खुटखुट राहिली. ब्रेक दाबल्यावर ती नाहीशी झाली असती तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. राहिली, म्हणजे किंगपिनचा. डाव्या-उजव्या बाजूंनी चाक हलवून टाय रॉडचे सांधे पाहिले, ते ठीक होते. शॅकलमध्ये पहार घालून किंचित उचकटले, तेव्हा आतल्या रबरी बुशचा केवळ भुगा उरल्याचे दिसले. डाव्या कमानीतील एका पाट्याला तडा गेला होता. गाडी डावीकडे का झुकते, याचे उत्तर मिळाले.

चार रविवार हे काम चालले. गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी केली आणि मागच्या चाकांना ओट लावले. चाकांचे नट गाडी खाली असतानाच थोडे सैल केले. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरावयाचे नाही, हा नियम मी घरात सर्वांना पाठ करावयास लावला होता. चॅसिसखाली दोन भक्कम घोड्या दिल्यावरच कुणी खाली जाई. आक्साखाली वेगळा जॅक लावून पाट्यांवरचा ताण उतरविला. गंजलेल्या बोल्टांना आदल्या रात्रीच तेल पाजून ठेवले होते, तरी यू-बोल्टचे दोन नट हॅकसॉने कापावे लागले.

पाट्यांची कमान दिसावयास निर्जीव, पण तिच्यात ताण कोंडलेला असतो. मधला सेंटर बोल्ट सरळ काढला तर पाटे उसळून हात फोडतील. दोन बाजूंना दोन सी-क्लॅम्प घट्ट आवळावयाचे, मग सेंटर बोल्ट काढावयाचा आणि क्लॅम्प थोडे थोडे सैल करीत पाटे मोकळे होऊ द्यावयाचे. प्रत्येक पाटा तारेच्या ब्रशने घासला. तडा गेलेला पाटा बदलला, तोही दोन्ही बाजूंचा, कारण एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला पाटा असला की गाडी पुन्हा कलते. मध्ये ग्रॅफाइटचे ग्रीस लावले. सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट नवेच घेतले. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा भरवशाचा नसतो.

किंगपिनचे काम मात्र मी घरी केले नाही. तिचे बुश दाबून बसवावे लागतात आणि मग रीमरने आतून अचूक मापाचे करावे लागतात. ते अवजार माझ्याकडे नव्हते आणि तो हातही नव्हता. चाकांकडचे ते भाग सोडवून मी उद्यमबागेतील एका वयस्क मिस्त्रींकडे नेले. त्यांनी ते करून दिले आणि निरोप देताना एकच गोष्ट सांगितली, 'शॅकलचे बोल्ट आधी नुसते अडकवा. गाडी चाकांवर उतरवून वजन आले की मग आवळा.' गाडी अधांतरी असताना आवळले तर रबरी बुश त्याच स्थितीत धरला जातो, वजन आल्यावर पिळवटतो आणि काही महिन्यांत फाटतो. हे मला माहीत नव्हते. त्यांनी विचारण्याची वाट न पाहता सांगितले.

चौथ्या रविवारी गाडी रस्त्यावर काढली. टणटण गेली होती, झुकणे गेले होते. पण गाडी सरळ चालेना. वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून जागेवर येईना आणि सपाट रस्त्यावरही गाडी भरकटल्यासारखी करी. मी चाळीसच्या वर वेग नेला नाही. सोमवारी सकाळी ओ.पी.डी. सुरू होण्यापूर्वी, खाली मान घालून, पुन्हा मिस्त्रींकडे गेलो.

ते गाडीखाली वाकले, एकदा डावीकडे पाहिले, एकदा उजवीकडे. मग विचारले, 'डॉक्टर, काढताना खुणा करून ठेवलासा न्हवं?'

पाटे आणि आक्स यांच्यामध्ये पोलादाची एक पातळ पाचर होती. एक कड जाड, दुसरी निमुळती. तिच्यामुळे आक्स किंचित फिरलेला राहतो आणि किंगपिनचे वरचे टोक मागे कलते. सायकलचा पुढचा चिमटा जसा मागे कललेला असतो, तसेच हे. त्या कलामुळे चाक वळणानंतर सरळ होऊ पाहते. साफसफाईच्या भरात मी दोन्ही पाचरी उलट्या बसविल्या होत्या. सामान योग्य, बोल्ट घट्ट, मेहनत प्रामाणिक, आणि दिशा उलटी!

मिस्त्री रागावले नाहीत. 'डॉक्टरकीचे काम नव्हे हे' असे म्हणावयाचा त्यांना पूर्ण अधिकार होता. तेही ते म्हणाले नाहीत. पाचर हातात देऊन जाड कड कोणत्या बाजूला, ती तिकडेच का, हे त्यांनी समजावले आणि म्हणाले, 'आता तुम्हीच बसवा, मी बघतो.' शेवटची अलाइनमेंट मात्र त्यांनी यंत्रावरच करून घ्यावयास लावली.

परतताना मला एक आई आठवली, आणि तो सबंध रस्ता ती माझ्यासोबत होती.

काही वर्षांपूर्वी ती आठ महिन्यांच्या बाळाला जुलाब होतात म्हणून घेऊन आली होती. तिने घरी ओ.आर.एस. दिले होते, पण एक लिटर पाण्यासाठी असलेली सबंध पुडी एका पेल्यात विरघळवून. मिठाचे प्रमाण असे वाढले तर बाळाच्या रक्तातील सोडियम वाढते, झटके येऊ शकतात. मी घाबरलो होतो, आणि घाबरलेला डॉक्टर बहुधा रागावतो. भरलेल्या ओ.पी.डी.त, सासूच्या देखत, मी तिला नको ते बोललो. 'घरी डॉक्टरकी करू नका', हे माझे ठेवणीतले वाक्यही ऐकविले. बाळ सुधारले. पाच महिन्यांनी तेच बाळ पुन्हा आले, या वेळी डोळे खोल गेलेले, कातडीची चिमटी सोडली तरी तशीच राहणारी. दोन दिवस तिने घरी काढले होते, आणि ओ.आर.एस.ही दिले नव्हते. कारण विचारले, तर खाली बघत म्हणाली, 'तुम्ही रागवताय म्हणून आलो न्हाई.' सलाइन लावावे लागले, बाळ वाचले. माझ्या रागाने त्या बाळाचे दोन दिवस गमावले होते.

तिची चूक आणि माझी चूक एकाच जातीची होती. तिने पुडी योग्य दिली, पाणी चुकले. मी पाचर योग्य घातली, बाजू चुकली. फरक एवढाच, की माझ्या वाट्याला मिस्त्री आले आणि तिच्या वाट्याला मी.

'घरी काही करू नका', हा उपदेश आपण फार सहज करतो. तो शास्त्रीय वाटतो. पण आपल्याच शास्त्राचा इतिहास वेगळे सांगतो. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे द्रावण रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती दिले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. तेही मूळचे आपल्याच, बालरोगतज्ज्ञांच्या, वाटेवरचे. २०२२ मध्ये ते निवर्तले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. त्यांनी आयांवर विश्वास टाकला; नुसता टाकला नाही, मोजमाप शिकवून टाकला.

कुणी म्हणेल, अशाने लोक घरीच प्रतिजैविके देऊ लागतील, मोबाइलवर वाचून निदान करतील. हा धोका खरा आहे. परंतु तो 'काही करू नका' म्हटल्याने टळत नाही. लोक करतातच, फक्त आपल्यापासून लपवून करतात. सीमा आखून द्यावी लागते. पाटे आणि शॅकल घरी, किंगपिन आणि अलाइनमेंट कारखान्यात. ओ.आर.एस., झिंक, अंगावरचे दूध आणि नेहमीचा आहार घरी. बाळ पीत नसेल, सुस्त पडले असेल, शौचातून रक्त जात असेल, तर तत्काळ दवाखान्यात. ही सीमा आखणे आणि ती कारणासह समजावणे, हे तज्ज्ञाचे काम आहे. ते परिचारिकेवर किंवा छापील कागदावर सोपवून भागत नाही.

मी आता टेबलावर एक लिटरची रिकामी बाटली आणि ओ.आर.एस.ची पुडी ठेवतो. आईने ती माझ्यासमोर स्वतः विरघळवून दाखवावयाची. दोन मिनिटे लागतात. गर्दीच्या दिवशी ती जड जातात, हे मान्य आहे. तरी आपल्या संस्थेच्या सभासदांनी आपापल्या दवाखान्यात हे करून पाहावे, अशी विनंती आहे. आणि कुणी चूक करून आलेच, तर रागावण्यापूर्वी एवढेच विचारावे, 'हे तुम्हाला आधी कुणी दाखविले होते का?'

पिकअप आता सरळ चालतो. दोन्ही पाचरींच्या जाड कडेवर मी पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आहे. पुढच्या वेळी काढणारा कुणीही असो, त्याला बाजू कळावी.