हळदीचा विजय आणि गडचिरोलीचे अलिखित ज्ञान

१/ हळदीच्या पेटंटची कथा आपण विजयगाथा म्हणून सांगतो. माझ्या मते तीत चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यासाठी एक इशाराही आहे.

२/ मार्च १९९५. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने त्यास आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. शस्त्र एकच होते : जुने लेखी संदर्भ.

३/ लेखीच का? तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार परदेशातील नुसता वापर पुरावा ठरत नसे. तो छापील स्वरूपात दाखवावा लागे. घरोघरच्या आज्यांनी जखमेवर दाबलेल्या हळदीला तेथे वजन नव्हते. ही अट २०१३ मध्ये गेली. मौखिक परंपरा सिद्ध करण्याचे ओझे मात्र सांगणाऱ्याच्याच माथी राहिले.

४/ आता प्रयोगशाळेत येऊ. नव्या रक्तवाहिन्या ओढून घेतल्याखेरीज कर्करोगाची गाठ फारशी वाढत नाही, हा विचार जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. जखमेला मात्र भरून येण्यासाठी याच नव्या वाहिन्या हव्या असतात. म्हणून वनस्पतींचे अर्क दोन्ही अंगांनी तपासले जातात : वाढ घडवतात की रोखतात?

५/ त्याची एक प्रचलित रीत साधी आहे. उबवणीतल्या कोंबडीच्या अंड्याच्या कवचाला लहान खिडकी पाडतात, आतल्या पडद्यावर अर्क ठेवतात आणि तेथील रक्तवाहिन्यांचे जाळे दाट झाले की विरळ, हे पाहतात.

६/ पण हजारो वनस्पतींतून नेमकी कोणती निवडायची? अनेकदा तो संकेत जंगलात राहणाऱ्यांकडून येतो. केरळातील काणी आदिवासींनी आरोग्यपच्चा ही वनस्पती संशोधकांना दाखवली; तिच्यापासून ‘जीवनी’ हे औषध बनले आणि परवाना शुल्काचा निम्मा वाटा काणींसाठी ठरला. जाणकाराचे ऋण मान्य करता येते, याचा हा दाखला.

७/ गडचिरोलीच्या माडिया आणि गोंड जाणकारांची विद्या बहुतांशी मौखिक आहे. जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समुदायाचा हक्क वनहक्क कायदा, २००६ मान्य करतो. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. म्हणजे हक्क आहे. दप्तर कुठे आहे?

८/ प्रश्न तातडीचा आहे. जैवविविधता कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापराला लाभवाटणीतून सूट दिली. पळस ग्रंथांतही आहे आणि गडचिरोलीच्या रानातही. उद्या एखादी कंपनी म्हणेल, ‘आम्ही ग्रंथातून घेतले.’ गावाकडे स्वतंत्र नोंद नसेल, तर उत्तर काय देणार?

९/ कोणी म्हणेल, लिहून ठेवले तर चोरी सोपी होईल. भीती रास्त आहे. म्हणून सगळी कृती उघड करू नये. कोणी, कुठे, केव्हा आणि कोणाच्या संमतीने सांगितले, एवढे नोंदवावे. लोकजैवविविधता नोंदवहीची तरतूद कायद्यातच आहे. ती ग्रामसभेने आपल्या भाषेत लिहावी आणि तिची किल्लीही ग्रामसभेकडेच असावी.

१०/ चांद्याच्या गोंड राजांचा आरंभीचा इतिहास आपण परंपरेने सांगितलेल्या वंशावळीवरूनच मांडतो. राजांच्या बाबतीत तोंडी शब्द साधन म्हणून चालतो, तर माडिया आजीच्या बाबतीत का चालू नये? अर्कावरील शोधनिबंधात रसायनाच्या नावाशेजारी गावाचे नाव यायला हवे. इतिहासात आपण तळटीप देतो ती याच न्यायाने.