पाण्याची खोली आणि अर्जावरचं नाव

तारेने समुद्राची खोली मोजणारं यंत्र विल्यम थॉमसन यांनी १८७० च्या दशकात केलं. ते 'सर' होते, ग्लासगोला प्राध्यापक होते. तरी ब्रिटिश नौदलाने मान्यतेसाठी ताटकळत ठेवलंच. दोरीला शिसं बांधून खोली सांगणाऱ्या खलाशांची तर नावंही उरली नाहीत.

आमच्या भिलाईजवळ शिवनाथ नदीत केवट बांबूने पाणी मापतो. पेटंट कायद्याचं कलम ३(पी) पारंपरिक ज्ञानाला पेटंट देत नाही. मक्तेदारी रोखायला ते हवंच, पण श्रेयाचं काय?

घरातल्या पहिल्या पदवीधरांनो, बापाच्या युक्तीवरून खरोखर नवं काही घडवलंत, तर प्रदर्शनात मांडण्याआधी अर्ज करा. छत्तीसगडसाठी कार्यालय मुंबईचं. व्यक्तीला ऑनलाइन शुल्क १६०० रुपये. आधी तात्पुरता अर्ज चालतो, पूर्ण तपशिलाला १२ महिने मिळतात. आणि 'शोधकर्ता' या रकान्यात, ज्यांनी काही शोधलं नाही अशा साहेबांचं नाव शिरू देऊ नका.