संगणकावरील नवी खोती

मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ साठी तिने घातलेल्या अटी अनेक जुन्या संगणकांना पुऱ्या करता येत नाहीत. यंत्र धडधाकट आहे, त्याची पुरी किंमत मोजलेली आहे. तरीही ते केव्हा निरुपयोगी ठरवायचे, हा अधिकार मात्र कंपनीचा. रायगड जिल्ह्यातील वाचकांना हे नाते अपरिचित वाटू नये. चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून दीर्घकाळ संप चालवला, तो कसणाऱ्याच्या हक्कासाठीच. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले आणि १९४९ च्या कायद्याने ती पद्धत गेली. परवान्यावर सॉफ्टवेअर वापरणारा आजचा नागरिकही एक प्रकारे कूळच आहे. वापर त्याचा, मालकी दुसऱ्याची.

या खोतीला पर्याय उभा आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला, १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला आणि जगभरातील हजारोंच्या श्रमातून ही सामाईक मालमत्ता वाढत गेली. परंतु पेणमधील गणपतीच्या कारखानदाराचा किंवा रोह्यातील दुकानदाराचा प्रश्न तात्त्विक नसतो. रोजची कामे होतील काय, एवढेच त्याला विचारायचे असते.

बहुतेक कामे होतात. पत्रे, तक्ते आणि अर्ज यांसाठी लिब्रेऑफिस आहे, ब्राउझर म्हणून फायरफॉक्स आहे, ध्वनिचित्रफितींसाठी व्हीएलसी आणि छायाचित्रांसाठी गिंप आहे. मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक उपलब्ध आहे. मी स्वतः पेणमध्ये एका जुन्या संगणकावर ही सर्व कामे करतो. निवडीची कसोटी मात्र नीट ध्यानी घेतली पाहिजे. नवलाईच्या मागे न लागता, ज्याची देखभाल एका व्यक्तीवर अवलंबून नाही, जे प्रणालीच्या स्वतःच्या भांडारातून मिळते आणि ज्याच्या फायली दुसऱ्या कार्यक्रमातही उघडतात, तेच सॉफ्टवेअर विश्वासार्ह मानावे. प्रणालीही दीर्घकाळ आधार मिळणारी घ्यावी. डेबियन किंवा लिनक्स मिंट यांसारखी. २०१० साली ओपनऑफिसच्या भवितव्याविषयी शंका निर्माण झाली, तेव्हा त्याच्या कार्यकर्त्यांनी तोच मजकूर घेऊन लिब्रेऑफिस उभारले आणि वापरणाऱ्यांची कागदपत्रे सुरक्षित राहिली. मालकीच्या सॉफ्टवेअरमध्ये असे करण्याची मुभाच नसते.

मग अडते कोठे? अडते ते सार्वजनिक व्यवहारात. श्रीलिपी, आकृती यांसारख्या जुन्या पद्धतींच्या फॉन्टांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. त्यामुळे तो विशिष्ट फॉन्ट नसलेल्या संगणकावर निवेदनाची निरर्थक चिन्हे होतात. युनिकोडने हा प्रश्न सोडवला, तरी जुन्या फायली आणि जुन्या सवयी शिल्लक आहेत. एका कार्यालयाने माझा खुल्या स्वरूपातील अर्ज ‘आमच्याकडे उघडत नाही’ म्हणून परत केला होता. वास्तविक ते स्वरूप २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. व्यापाऱ्याची अडचण याहून कठीण आहे. हिशेब टॅलीत हवा, असा सल्लागाराचा आग्रह असतो आणि टॅली मुळात विंडोजसाठी घडवलेले आहे. अशा दुकानदाराने एक संगणक तूर्त जुन्या प्रणालीवर ठेवला, तर त्याला दोष देता येणार नाही. मात्र आधार संपलेल्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत.

यास्तव हा केवळ वैयक्तिक आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही. केरळच्या सरकारी शाळांत मुले लिनक्सवर संगणक शिकतात, कारण तेथे शासनाने शिक्षकांना प्रशिक्षण दिले आणि मल्याळममधून साधने घडवली. केंद्र शासनानेही २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. पण धोरणाचा कागद पुरेसा नसतो. जर्मनीतील म्युनिक शहराने हजारो संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ साली तेथील नगरसभेने परत विंडोजकडे जाण्याचा निर्णय घेतला. राजकीय इच्छाशक्ती सातत्याने टिकली नाही, तर चांगली साधनेही निष्प्रभ ठरतात.

कार्यकर्त्यांना तीन गोष्टी आज करता येतील. पक्षकार्यालयातील जुना संगणक भंगारात न देता त्यावर लिनक्स बसवावे. सर्व पत्रव्यवहार युनिकोडमध्येच करावा. आणि नगरपरिषद, पंचायत समिती व सहकारी संस्था यांच्याकडे एकच मागणी लावून धरावी: नागरिकाला कोणत्याही अर्जासाठी विशिष्ट कंपनीचे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागू नये. खोती कायद्याने गेली, पण त्या कायद्याआधी कुळांनी संघटित होऊन नकार दिला होता, हे विसरून चालणार नाही.