तळ्याचे पोट आणि काठावरची खुर्ची

गेल्या हिवाळ्यात नांदेडच्या एका सभागृहात एका सद्गृहस्थांनी सव्वा तास व्याख्यान देऊन मराठवाड्यातील तळी कशी वाचवावीत हा प्रश्न स्वतःपुरता निकालात काढला. चिरंजीव कॅनडातील ऑंटारिओ प्रांतात नोकरीस असल्यामुळे दोन उन्हाळे त्यांना तेथील एका सरोवराच्या काठी, लाकडी कॉटेजच्या ओसरीवर आरामखुर्ची टाकून घालवता आले. आणि माणूस खुर्चीत बसला की त्याला जगाच्या व्यवस्थेतील उणिवा दिसू लागतात, या नियमास ते अपवाद ठरले नाहीत. त्यांच्या प्रतिपादनाचा मथितार्थ असा : ज्याला तळ्याचे सौंदर्य कळते तोच तळे जपतो. गावकऱ्याला ते कळत नाही. तो त्यात म्हशी लोटतो, गोधड्या धुतो, गणपती बुडवतो आणि उरलेले पाणी मोटारीने उपसून उसाला पाजतो. यास्तव मन्याडच्या खोऱ्यातले आणि मांजरेच्या अंगाचे चांगले तलाव हेरून त्यांच्या काठी दहा-दहा गुंठ्यांचे भूखंड पाडावेत, सुसंस्कृत कुटुंबांना तेथे टुमदार घरे बांधू द्यावीत, काठाला दगडी भिंत घालून चिखल हटवावा आणि या कुटुंबांचा एक संघ करून तळे त्याच्या हवाली करावे. रोजगार वाढेल, पक्षी येतील, पाणी नितळ होईल. एवढे बोलून त्यांनी समोरचा पेला उचलून दोन घोट घेतले. पेल्यातले पाणी विष्णुपुरीच्या बंधाऱ्यातून आलेले होते, आणि ते तेथून उपसले गेले म्हणूनच त्यांच्या घशापर्यंत पोहोचले, हे त्यांच्या ध्यानी आलेले दिसले नाही.

किरकोळ मुद्दे आधी आटोपतो. ज्याची जमीन गेली त्याच्याच हाती काठी देऊन त्याला फाटकावर उभे करणे यास रोजगार म्हणण्याची चाल जुनी आहे. तिच्यावर शाई खर्च करावीशी वाटत नाही. मूर्तींच्या रंगाविषयी ते म्हणतात ते बरोबर आहे. उसाविषयीही बरोबर आहे, आणि लातूरकरांना तर ते अधिकच ठाऊक आहे. परंतु उसाला नावे ठेवून झाल्यावर लगेच प्रत्येक कॉटेजपुढे हिरवळीचा पट्टा आखणाऱ्या गृहस्थांना एवढेच सांगावेसे वाटते की हिरवळ म्हणजे साखर न देणारा ऊस.

म्हशींचा वाद माझ्या फार जुन्या परिचयाचा आहे. विद्यार्थिदशेत आमच्या वसतिगृहात यावर एक रात्रभर कडाक्याचे भांडण झाले होते, आणि पहाटे असे निष्पन्न झाले होते की विरोधी पक्षातील कोणीही म्हैस कधी धुतलेली नव्हती. म्हैस तळ्यात जाते म्हणून गुराखी तळ्यावर जातो. गुराखी जातो म्हणून सांडव्याजवळ भगदाड पडले तर त्याच दिवशी गावाला कळते. गावात नळ आला की तळ्याकडची पाऊलवाट मोडते आणि पाऊलवाट मोडली की भरावावर बाभळी माजतात, हे मी एकाहून अधिक गावांत पाहिले आहे. पण ते असो.

माझा खरा आक्षेप निराळा आहे, आणि तो त्या ‘काठ’ या शब्दाविषयी आहे. ऑंटारिओतील सरोवरे हिमनद्यांनी खडक खरवडून केलेल्या खळग्यांत साचलेली आहेत. तेथे पाण्याची पातळी वर्षभरात बेताचीच खालीवर होते, म्हणून तेथे काठ म्हणजे काठ. आमचे तलाव माणसाने मातीचा भराव घालून, चार महिन्यांचे पाणी आठ महिने पुरवावे या एकाच हेतूने बांधलेले आहेत. भाद्रपदात जे पाणी बाभळीच्या बुंध्याशी चुळबुळत असते ते वैशाखात अर्धा कोस लांब जाऊन एखाद्या ताटलीएवढे चमकते. आमच्या तळ्याचा काठ चालतो. तो रोज थोडाथोडा आत सरकतो, आणि त्याच्या मागोमाग, जणू त्याच्या धोतराचा सोगा धरून, माणसे, गुरे, पिके आणि पाखरे अशी अवघी मिरवणूक आत उतरते.

जुन्या हैद्राबाद संस्थानच्या महसुली दप्तरात तळ्याच्या या बुडिताच्या जमिनीला ‘शिकम’ म्हणत. फारसीत शिकम म्हणजे पोट. ज्या कोणा मुनशीने हा शब्द प्रथम कागदावर उतरविला असेल त्याला आमच्या व्याख्यात्यांहून तळ्याचे मर्म अधिक कळले होते असे मी निःशंक म्हणतो. कारण पोट हे भरण्यासाठी जितके असते तितकेच रिते होण्यासाठी असते, आणि सदासर्वकाळ टम्म फुगलेले पोट हे आरोग्याचे नव्हे, जलोदराचे लक्षण होय. अशा जमिनीचा कायम पट्टा कोणास द्यावयाचा नाही, पाणी ओसरेल तशी ती एकसाली लावणीने कसावयास द्यावयाची, हा त्या दप्तराचा रिवाज. आज पाटबंधारे खात्याच्या भाषेत तिला गाळपेर म्हणतात, आणि धरणात ज्यांची शेते गेली त्यांचा तीवर पहिला हक्क समजला जातो. मार्गशीर्षात वरच्या पट्ट्यात गहू-हरभरा पडतो. पुढे खालच्या पट्ट्यात काकडी, टरबूज, खरबूज. एक थेंब पाणी द्यावे लागत नाही, नुसत्या ओलीवर वेल धावतात. त्या ओलीच्या कडेला, जेथे चिखलात पाऊल घोट्यापर्यंत रुतते, तेथेच शेकाट्या आपल्या लांब तांबड्या पायांवर फिरत किडे टिपतात, तेथेच चक्रवाकांच्या जोड्या उतरतात, आणि थोडे वर, कोरड्या ढेकळांत, टिटवी उघड्यावर अंडी घालते. व्याख्यात्यांना पक्षी हवे आहेत, चिखल मात्र नको आहे. दगडी भिंतीच्या कडेला खोल पाण्यात शेकाट्याने काय खावे, हे त्यांनी पुढच्या व्याख्यानात सांगावे.

आता या चालत्या काठावर अचल घर बांधणाऱ्याच्या मनात काय येईल ते पाहा. त्याने पैसे मोजले आहेत ते दृश्याचे. दृश्य टिकावयाचे तर पाणी ओसरीसमोर राहिले पाहिजे; पाणी ओसरीसमोर राहावयाचे तर ते कालव्यात सुटता कामा नये; आणि कालव्यात सुटता कामा नये असे चैत्रात ज्याला वाटू लागते त्याचे हित, तो कितीही सज्जन असो, खालच्या बाजूला आवर्तनाची वाट पाहत चारीच्या तोंडाशी रात्र काढणाऱ्या शेतकऱ्याच्या हिताच्या नेमके उलट झालेले असते. तळ्याची राखण अशा माणसाच्या हाती देणे म्हणजे कोठाराची किल्ली धान्याच्या राशी पाहून ज्याचे डोळे निवतात त्याला देणे होय; तो धान्याला हात लावणार नाही हे खरे, पण दुसऱ्यालाही लावू देणार नाही.

ज्यांना ही भीती काल्पनिक वाटते त्यांनी २०१६ चा लातूरचा उन्हाळा आठवावा. धनेगावचे मांजरा धरण आटले होते, मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदीचे कलम १४४ लावावे लागले होते, आणि एप्रिलच्या बाराव्या दिवशी मिरजेहून दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी भरून आगगाडी लातुरात आली, तेव्हा पाणी या वस्तूकडे पाहण्यासाठी नव्हे, मोजण्यासाठी माणसे रुळांशी जमली होती. त्या वर्षी एखाद्या तलावात काही पाणी शिल्लक असते आणि त्याच्या चाव्या कॉटेजसंघाकडे असत्या, तर सभेचे इतिवृत्त काय झाले असते याची मी कल्पना करतो आणि मग करीत नाही.

नितळ पाण्याविषयी थोडे. व्याख्यात्यांनी फार कौतुकाने सांगितले की तेथील काठावरचे रहिवासी उन्हाळ्यात नावेतून एक पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडतात आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते याची नोंद ठेवतात. सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरूने १८६५ च्या सुमारास काढलेली ही युक्ती उत्तम आहे. पण काळ्या मातीच्या रानातून वाहत आलेल्या भाद्रपदातील पाण्यात ती तबकडी वीतभर खाली गेली की नाहीशी होईल, आणि त्यात कोणाचाही गुन्हा नसेल. शिवाय ते लोक ही मापे का घेतात, हे सांगावयाचे गृहस्थ विसरले. त्याच ऑंटारिओच्या वायव्य भागात १९६८ पासून काही लहान सरोवरे केवळ प्रयोगांसाठी राखलेली आहेत. १९७३ मध्ये त्यांपैकी २२६ क्रमांकाच्या सरोवराच्या मधोमध पडदा टाकून एका बाजूस कर्ब आणि नत्र, तर दुसऱ्या बाजूस कर्ब, नत्र आणि स्फुरद सोडण्यात आले. स्फुरदाची बाजू शेवाळाने हिरवीगार झाली, दुसरी झाली नाही. हे स्फुरद काठावरच्या घरांच्या शौचकूपांतून आणि हिरवळीच्या खतांतूनही झिरपते. म्हणजे तेथील कॉटेजवाले तळ्याला जपतात ते बऱ्याच अंशी स्वतःपासून. आमच्या गृहस्थांनी औषध पाहिले, ते आवडले, आणि ते घेता यावे म्हणून रोगही आणावा असे ठरविले.

मग तुम्हांला काय हवे, असे कोणी विचारील. माझ्यापाशी व्याख्यानाएवढी मोठी योजना नाही. कंधारला राष्ट्रकूटकालीन तळे आहे. लोक त्याला जगत्तुंग समुद्र म्हणतात. तळ्याला समुद्र म्हणण्याचा हा अभिमान मला प्रिय आहे, आणि त्यात काठाच्या मालकीचा वास नाही. पाण्याचा वापर करणाऱ्यांनीच त्याचे व्यवस्थापन करावे, असे सांगणारा कायदा महाराष्ट्राने २००५ मध्ये केला. त्याखालच्या पाणी वापर संस्था पुष्कळ ठिकाणी कागदावर निजलेल्या आहेत, त्या जाग्या कराव्यात आणि मासेमारीचा ठेका असलेल्या भोयांच्या सहकारी संस्थेला त्यांच्या बैठकीत पाटाच्या कोपऱ्यावर नव्हे, पाटावर बसवावे. तलावाची मासे-गाळपेरीची आवक आधी भरावावर आणि सांडव्यावर खर्च व्हावी. ज्या शहरवासी कुटुंबाला तळ्याजवळ राहावयाचेच आहे त्याने पूर्ण संचय पातळीपासून दूर, गावठाणात घर घ्यावे, शोषखड्डा पाण्याकडे खोदू नये, आणि श्रमदानाच्या दिवशी घमेले घेऊन यावे. दुरून दृश्य जरा लहान दिसेल.

वैशाखात मी त्या प्रस्तावित तलावांपैकी एकावर गेलो होतो. पाणी दूर गेले होते. एक म्हातारा भोई ट्यूबवर पालथा पडून हातांनी वल्हवत जाळे काढीत होता. बाहेर आला तेव्हा जाळ्यात चार चिलाप्या आणि एक मरळ होती. मी त्यांना विचारले, “मामा, इथं बंगले होणार म्हणतात, ठावं हाय का?” ते म्हणाले, “हो, मोजून गेले की मागल्या पंधरवड्यात. लाल खुंट्या ठोकल्यात बघा तिकडं.” मी तिकडे गेलो. भूखंडांच्या हद्दी दाखवणाऱ्या खुंट्या खरबुजाच्या वेलांतून एका ओळीत उभ्या होत्या. माती अजून ओली असल्यामुळे दोन कलल्या होत्या, आणि तिसरीला कोणीतरी रेडकू बांधले होते.