स्वस्त सिनेमाला कचरा म्हणणाऱ्यांसाठी

भाईंदरच्या फलाटावर लोकलची वाट बघताना शेजारून गोल्डन टेम्पल मेल धडधडत जाते. १९९६पर्यंत तिचं नाव फ्रंटियर मेल होतं. तेच नाव घेऊन १९३६ साली वाडिया मूव्हीटोननं ‘मिस फ्रंटियर मेल’ काढला. स्टेशनवर खून होतो, आळ निरपराध माणसावर येतो आणि त्याची मुलगी, म्हणजे फिअरलेस नादिया, धावत्या गाडीच्या टपावर गुंडांना लोळवते.

त्याच वर्षी प्रभातचा ‘संत तुकाराम’ आला. त्याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. पण स्टंटपट म्हटलं की आपण नाक मुरडतो. पिटातल्या पब्लिकचा माल, त्यात जपण्यासारखं काय?

इंग्रजांनीही असंच नाक मुरडलं होतं. १९२७च्या कायद्यानं तिथे ठरावीक प्रमाणात ब्रिटिश चित्रपट दाखवणं सक्तीचं झालं. मग कोटा भरायला अमेरिकी कंपन्यांनी फुटामागे एक पौंड अशा हिशेबानं स्वस्त चित्रपट काढून घेतले. त्यांत गुन्हेपट भरपूर. समीक्षकांनी ते मोडीत काढले. पण मायकेल पॉवेल दिग्दर्शन शिकला ते तिथेच. त्याचा १९३१चा ‘टू क्राउडेड अवर्स’ हरवला. २०१०मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं ७५ हरवलेल्या चित्रपटांची यादी काढली, तेव्हा त्यात तोही होता. आधी हसले, मग शोधत बसले.

आपण तर शोधतही नाही. ‘आलम आरा’ची एकही प्रत सापडलेली नाही. कित्येक जुन्या फिती चांदीसाठी वितळवल्या गेल्या, कित्येक २००३ला पुण्यातल्या आगीत जळाल्या.

‘चांगलं तेवढं जपू’ म्हणणाऱ्यांना एकच विचारायचंय: चांगलं कोण ठरवणार? संतपटात १९३६चे रूळ, इंजिनं, मालगाड्या दिसणार नाहीत. त्या बघायच्या तर नादियाकडेच जावं लागतं. पिटातली माणसं कशावर शिट्ट्या मारत होती, हेही तिथेच कळतं. त्यांचा सिनेमा फेकला, की इतिहासातून तीही गेली.

आणि हे फक्त जुन्याचं नाही. मीरा रोडच्या गच्चीवर मित्रांना घेऊन फोनवर शूट केलेली तुमची क्राइम शॉर्टफिल्म आठवते? स्टोरेज भरलं म्हणून ती डिलीट करायच्या आधी एक कॉपी दुसरीकडे ठेवा. तिच्या भिकार अभिनयामागे दिसणारी खाडी आणि अर्धवट टॉवर उद्या दुसरीकडे कुठेच दिसणार नाहीत.