खिशातला कॅमेरा आणि डोळ्याला लावायचा कॅमेरा

गेल्या वर्षी आमच्या साखऱ्यात शेजारच्या आजी वारल्या. तेराव्याला हार घालण्यासाठी फोटो हवा म्हणून घरात शोधाशोध सुरू झाली. नातीच्या लग्नाच्या चित्रफितीत त्या पाठमोऱ्या होत्या. नातवाच्या फोनमध्ये होत्या, पण चेहरा हललेला. शेवटी आधार कार्डावरचा नखाएवढा फोटो मोठा करून आणला. आज भिंतीवर जी आजी आहे, ती आम्हां गल्लीतल्या मुलांनाही ओळखू येत नाही.

या गोष्टीत खरा अपराधी मी आहे. चार वर्षे मला छायाचित्रणाचा छंद आहे. मावळता सूर्य, देवळाचे शिखर, दवाने भिजलेले कोळ्याचे जाळे असे शेकडो फोटो माझ्याजवळ आहेत. आणि जिच्या ओसरीवर मी लहानाचा मोठा झालो, तिचा एकही नाही!

हे आठवण्याचे कारण असे, की आपल्या महाविद्यालयात सध्या ग्राम-पाहणीच्या कामासाठी एखादा चांगला कॅमेरा असावा अशी चर्चा चालू आहे. कोणता घ्यावा, यावर वर्गात दोन तट पडले आहेत. सुदैवाने चर्चेतले दोन्ही कॅमेरे गेल्या उन्हाळ्यात मला काही दिवस हाताळायला मिळाले. एक मावसभावाचा, दुसरा त्याच्या मित्राचा. त्या अनुभवाच्या बळावर चार शब्द लिहितो. मत माझे आहे; प्राध्यापकांनी आणि मित्रांनी ते खोडून काढावे.

प्रथम या जातीच्या कॅमेऱ्यांविषयी थोडेसे. १९२५ साली जर्मनीत लायका कॅमेरा बाजारात आला, तेव्हापासून छायाचित्रकारांचे एकच स्वप्न आहे : यंत्र लहान आणि चित्र मोठे. फिल्मच्या जागी सेन्सर आला, तेव्हा हे स्वप्न काही काळ मोडले. खिशात मावणाऱ्या सामान्य डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर जेमतेम ६.२ × ४.६ मिलिमीटर, हरभऱ्याच्या डाळीएवढा. पुढे लहान अंगाच्या कॅमेऱ्यांत मोठे सेन्सर बसू लागले. फुजीफिल्मचा एक्स-१०० हा २०११ साली विक्रीस आला, तर रिकोहच्या जी.आर. मालिकेत असा सेन्सर २०१३ साली आला. तो सुमारे २३.५ × १५.६ मिलिमीटरचा असतो. म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ तेरापट. पावसात पागोळीखाली वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर पाणी कशात जास्त साचेल? उजेडाचेही तसेच आहे. अंधाऱ्या स्वयंपाकघरात काढलेल्या फोटोत चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे कण दिसतात, ते या परातीमुळे बरेच कमी होतात.

आता आपले दोन उमेदवार. पहिला रिकोह जी.आर. थ्री, २०१९ सालचा. बॅटरी व कार्ड धरून वजन २५७ ग्रॅम, २४ मेगापिक्सेल. दुसरा फुजीफिल्म एक्स-१०० सहा, फेब्रुवारी २०२४ मधला. वजन ५२१ ग्रॅम, म्हणजे दुप्पट, ४० मेगापिक्सेल. दोघांचा सेन्सर एकाच आकाराचा. दोघांचे भिंग कायमचे जडवलेले. बदलता येत नाही आणि झूमही होत नाही. जुन्या फिल्मच्या हिशेबाने रिकोहचे भिंग २८ मिलिमीटरचे, फुजीचे ३५ चे. रिकोहचे भिंग जास्तीत जास्त एफ २.८ पर्यंत उघडते, फुजीचे एफ २ पर्यंत. म्हणजे फुजी दुप्पट उजेड आत घेतो. किमतीचे म्हणाल, तर बाजारात आले तेव्हा अमेरिकेत रिकोह ८९९ डॉलरला होता आणि फुजी १,५९९ डॉलरला. एकात एक बरी म्हैस येते, दुसऱ्यात चांगली दुभती.

आकडे झाले. परंतु कॅमेरा आकड्यांवरून निवडू नये, आपल्याला कुठे उभे राहायचे आहे त्यावरून निवडावा, असे माझे म्हणणे आहे.

घरातून सुरुवात करू. आमच्याकडची खोली दहा फुटांची. भिंतीला पाठ लावून समोरच्या भिंतीचा फोटो घेतला, तर २८ च्या भिंगात सुमारे तेरा फूट रुंदी येते आणि ३५ च्या भिंगात सव्वादहा फूट. या अडीच-पावणेतीन फुटांत उतरंड येते किंवा सुटते. दाराआड उभी असलेली सून येते किंवा सुटते. घर दाखवायचे असेल, माणूस आणि त्याचा संसार एका चौकटीत हवा असेल, तर रिकोह जिंकला. मात्र त्याच खोलीत भाकरी थापणारा हात टिपायचा झाला, तर गोष्ट उलटते. एका दिव्याच्या उजेडात रिकोहला सेकंदाचा तिसावा भाग लागत असेल, तर फुजीला साठावा भाग पुरतो. हात हलण्यावर दोन्ही कॅमेऱ्यांत इलाज आहे; तो आपल्या हाताचा कंप सावरतो, पण भाकरी थापणाऱ्या बाईचा हात थांबवू शकत नाही. शिवाय २८ च्या भिंगाने एखाद्याचा चेहरा जवळून घेतला, की नाक पुढे येते आणि कान मागे पळतात. ज्यांचा फोटो आयुष्यात दोनदाच निघणार आहे, त्यांच्यावर हा अन्याय करू नये.

आता अंगणात या. फाल्गुन-चैत्रात आमच्याकडे हळदीचे काम असते. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा वर्तमानपत्रांत पिवळ्याधमक राशींचे फोटो आले. पण हळद शिजवताना उठणारी वाफ, वाळवणावर वाकलेल्या बाया, आणि पॉलिशच्या ढोलातून उडणारी ती पिवळी धूळ, जी नाकातोंडात, पापण्यांवर जाऊन बसते, ती फोटोत क्वचितच दिसते. ही धूळ कॅमेऱ्यालाही सोडत नाही. रिकोह चालू केला की त्याचे भिंग कासवाच्या मानेसारखे बाहेर येते आणि बंद केला की आत जाते. धुळीपासून बचावाची सोय त्याच्या अंगात नाही. मी तो ढोलाजवळ नेलाच नाही, दुसऱ्याची वस्तू! फुजीचे भिंग जागच्या जागी असते आणि त्यापुढे एक कडी व संरक्षक काच बसवली, की धूळ व पावसाच्या शिंतोड्यांना तो बऱ्यापैकी तोंड देतो.

दुपारच्या उन्हाची आणखी एक अडचण. रिकोहला डोळा लावायची खिडकी नाही. पाठीवरच्या पडद्यावर बघूनच फोटो घ्यायचा. एप्रिलच्या बारा वाजता त्या पडद्यात मला स्वतःचेच तोंड दिसत होते. फुजीला खिडकी आहे, डोळा लावला की ऊन बाहेर राहते. टोपीखाली किंवा पदराखाली काळा पडलेला चेहरा उजळायला त्यात छोटा फ्लॅशही आहे; रिकोहमध्ये तो वेगळा जोडावा लागतो. बॅटरीचे गणितही फुजीच्या बाजूने : कंपन्यांच्या मोजणीप्रमाणे रिकोह एका भरणीत सुमारे २०० फोटो देतो, फुजी काचेच्या खिडकीतून पाहिल्यास ४५०. ज्या गावी वीज पाहुण्यासारखी येते, तिथे हा फरक लहान नाही.

मग रिकोह कशासाठी? गर्दीसाठी. शेगावची गजानन महाराजांची पालखी आमच्या भागातून सेनगाव, नर्सी, औंढा या वाटेने पंढरपूरला जाते. अशा गर्दीत रिकोह हा राजा आहे. खिशातून काढला, की सेकंदाच्या आत तयार. त्यात अंतर आधीच ठरवून ठेवण्याची सोय आहे : दीड मीटर, दोन मीटर असे. मग फोकसची वाट पाहायची नाही, एका हाताने कळ दाबायची. आठवडी बाजारात मी असेच केले. बांगड्या भरणारी, बैलाचे दात पाहणारा, जिलेबीकडे पाहत उभे असलेले पोरगे. कुणाला पत्ताही लागला नाही.

आणि इथेच माझे मन खट्टू झाले. वाळवणावर काम करणाऱ्या एका आजींचा फोटो मी असाच, न सांगता घेतला. त्यांनी तो पाहिला आणि एवढेच म्हणाल्या, "लेकरा, फोटो काढायचा होता तर सांगावं, पदर तरी नीट घेतला असता डोईवर." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागले. मुंबईच्या रस्त्यावर अनोळखी माणसांत न कळत फोटो घेणे ही एक कला मानली जाते. तिचे थोर उपासक जगात होऊन गेले आहेत. पण आपल्या गावात कुणी अनोळखी नसते. तिथे न सांगता काढलेला फोटो हा दुसऱ्याच्या परड्यातून न विचारता तोडलेल्या पेरूसारखा आहे. गोड लागतो, पण चोरीचा.

डोळ्याला लावायचा कॅमेरा लपत नाही. तो उचलला, की समोरच्याला कळते. तो नको म्हणू शकतो, पदर सावरू शकतो, किंवा हसू शकतो. यावर माझे मित्र म्हणतात, की मग माणसे पुतळ्यासारखी ताठ उभी राहतात. खरे आहे. पहिली पाच मिनिटे राहतात. अर्धा तास बसा, चहा घ्या, दोन गोष्टी बोला. मग त्यांना कॅमेऱ्याचा विसर पडतो. तो अर्धा तास वाचवण्यासाठी लहान कॅमेरा घ्यायचा असेल, तर आपल्याला ग्राम-पाहणी नको आहे, फोटो हवे आहेत.

आपल्याच इतिहासातला एक दाखला देतो. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या दरबाराचे विख्यात छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत पडद्यातल्या स्त्रियांसाठी स्वतंत्र जनाना स्टुडिओ काढला आणि तो चालवायला एक इंग्रज बाई नेमली. जाड काचेच्या प्लेटा आणि तिपाई असलेल्या त्या काळात त्यांनी हे ओळखले, की कोणता फोटो निघू शकतो हे कॅमेऱ्याइतकेच तो कुणाच्या हातात आहे यावरही ठरते. आपल्या वर्गातल्या मुलींनी हे मनावर घ्यावे. ज्या चुलीपाशी मला प्रवेश नाही, तिथे त्यांना पाट मिळतो.

कुणी म्हणेल, फोन असताना ही उठाठेव कशाला? फोन पुष्कळ कामांना पुरतो, हे मी मान्य करतो. पण अनेक फोन सुरकुत्या आपल्या मनाने पुसून टाकतात, आणि म्हातारीच्या सुरकुत्या पुसल्यावर उरते काय? शिवाय फोनमधले फोटो फोनबरोबरच जातात. मेगापिक्सेलचा वादही मला व्यर्थ वाटतो. रिकोहच्या २४ मेगापिक्सेलची उत्तम प्रत वीस इंच लांब निघते, फुजीची पंचवीस इंचांवर. आपल्या घरांतली चौकट बारा बाय अठराची!

तात्पर्य, एकट्याने शहरे हिंडायची, बाजार-यात्रा टिपायच्या, अरुंद घरे दाखवायची, तर रिकोह घ्यावा. हलका, तत्पर, थोडक्यात भागणारा. आपल्या महाविद्यालयाच्या कामासाठी मात्र माझे मत फुजीला आहे. त्याचे ४० मेगापिक्सेल हे कारण नव्हे. तो उन्हात चालतो, धुळीत टिकतो, कमी उजेडात हात टिपतो, आणि समोरच्या माणसाला सांगून फोटो काढायला लावतो. अरुंद खोलीत तो कमी पडेल, तेव्हा उंबऱ्याबाहेर दोन पावले मागे सरकावे.

झूम नसल्याचे कुणी वाईट वाटून घेऊ नये. औंढ्याची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे : नामदेवांना देवळामागे जाऊन कीर्तन करावे लागले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले. म्हणून तिथे नंदी मागे राहिला, असे सांगतात. नामदेवांसाठी देऊळ फिरले. तुमच्याआमच्यासाठी फिरणार नाही. आपणच चालत जावे, वळसा घ्यावा, जवळ बसावे.

एक विनंती मात्र दोन्ही कॅमेऱ्यांना लागू आहे. ज्याचा फोटो काढाल, त्याला कागदावरची प्रत नेऊन द्या. महाविद्यालयाने कॅमेऱ्याच्या रकमेतच या प्रतींचा खर्च धरावा. गेल्या उन्हाळ्यात मी गल्लीतल्या सतरा वडीलधाऱ्या माणसांचे फोटो काढले आणि सतरा प्रती घरोघर दिल्या. एका आजोबांनी फोटो बराच वेळ न्याहाळला, मग धोतराच्या फडक्यात गुंडाळून ट्रंकेत तळाशी ठेवला. मी म्हटले, "आजोबा, भिंतीवर लावा की."

ते म्हणाले, "आत्ताच कशाला? येळ आली की काढतील पोरं. शोधाय नको."

— तृतीय वर्ष कला