माणसं गेली, पाव राहिला

सिसिलीतल्या पालेर्मो शहरात बाल्लारो नावाचा जुना बाजार आहे. तिथे गाइडबरोबर रस्त्यावरचं खात हिंडायच्या सहली निघतात. काहींना हा पर्यटकी थाट वाटतो. मला नाही वाटत. एरवी 'पानी का मेउसा' खायला परका माणूस धजणार कसा? यातलं पानी म्हणजे पाव बरं का! आत गुराची प्लीहा आणि फुप्फुस, आधी उकडून मग चरबीत परतलेलं. नुसतं लिंबू पिळलं तर तो पाव 'अविवाहित', वर चीज घातलं की 'विवाहित'. मंडळी हसतात, फोटो काढतात आणि पानेल्लेकडे वळतात. पानेल्ले म्हणजे आपल्या पाटवड्याच जणू, फक्त तळलेल्या.

माझी तक्रार पुढेच आहे. हा पाव ज्यू खाटकांनी आणला, असं तिथे परंपरेने सांगतात. धर्मनियमामुळे त्यांना कापण्याचे पैसे घेता येत नसत. मोबदल्यात पोटातलं मांस मिळे, ते शिजवून ख्रिस्ती गिऱ्हाइकांना विकत. गोष्ट पुष्कळदा इथेच संपते.

पण १४९२ साली फर्डिनांड राजाने फर्मान काढलं आणि सिसिलीतल्या ज्यूंना देश सोडावा लागला. गिऱ्हाइकांनी पाव मात्र सोडला नाही.

गाइडने हे एक वाक्य गाळू नये, एवढंच माझं म्हणणं. घास घशाशी अडकेल, अडकू दे. ज्यांच्या हातचं चालतं ती माणसं शेजारी चालत नाहीत, हा प्रकार काही एकट्या पालेर्मोचा नाही.